हडबीच्या शेंडीवर कोण राहतं

पाहुणी आली ती पौषात.
अर्लीन बेगे. माझ्याच वयाची, पाठीत माझ्यासारखीच वाकलेली,
मनगटात निळ्या दगडाचं कडं.
मनमाडकडून येताना अनकाईच्या अलीकडे
तिनं गाडी थांबवायला लावली म्हणे.
हडबीच्या शेंडीसमोर उतरली, चष्मा पुसला,
आणि विचारलं, वर कोण राहतं?

कुणी नाही, उमाकांत म्हणाला.
रविवारी पोरं दोर लावून चढतात,
फोटो काढतात, उतरतात.
मग येवल्यापर्यंत ती बोलली नाही.

मागाजवळ चटईवर बसून
तिनं फोनमध्ये तिचा दगड दाखवला.
तांबडा. दरीतून एकटाच उठलेला.
वाळूचा, म्हणाली. कधीकाळी वाऱ्यानं आणलेल्या टेकड्या,
बसल्या त्या बसल्याच.
आमचा आगीचा, मी म्हटलं. शाळेत तेवढं शिकवलं होतं.
उमाकांतनं ते कसं सांगितलं कुणास ठाऊक,
ती हसली.

तिच्या दगडावर कोळीबाई राहते.
मासे धरणारी नव्हे गं आत्या, उमाकांत घाईनं म्हणाला,
जाळं विणणारी. आठ पायांची.
तिनंच त्यांच्या बायकांना विणायला शिकवलं.
पहिल्या मागाची वरची काठी आभाळाची,
खालची जमिनीची,
ताण्याच्या काड्या उन्हाच्या.
पोर हट्टाला पेटलं की आई दगडाकडे बोट करते:
उतरली तर उचलून नेईल हं.
वरचा तो पांढरा थर आहे ना,
ती तसल्या पोरांची हाडं.
आणि मुलगी जन्मली की तिच्या तळहातांना
कोळ्याचं जाळं चोळतात,
म्हणजे हात थकत नाहीत.
ही गोष्ट थंडीतच सांगायची, ती म्हणाली,
साप झोपलेले असताना.

मी माझे तळहात पाहिले.
सकाळीच मागाखालचं कोळिष्टक
केरसुणीनं काढलं होतं,
पाहुणी येणार म्हणून.

मग तिनं विचारलं, तुमची हडबी कोण?

लग्न होऊन मनमाडहून आले
तेव्हापासून त्या सुळक्याखालून माहेरी जाते-येते.
मुनिया विणते, असावली, नारळी काठ.
हडबी कोण, कुणाची, तिची शेंडी तिथे कशी
मला ठाऊक नाही.
शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या, हडळ असेल.
लक्ष्मणसा म्हणाले, बाई नव्हेच ती,
कुणी बैरागी असणार, शेंडीवाला.
त्यांनाही ठाऊक नव्हतं.
नाव राहिलंय.
गोष्ट कुणीतरी अनकाई स्टेशनावर विसरून गेलं,
छत्री विसरावी तशी.

निघण्याआधी तिनं माझा पदर उलटा करून पाहिला.
दोन्हीकडून सारखा. मान हलवली.
मग काठावरून बोट फिरवत राहिली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
अंधारात कडी चाचपावी तसं.
बाहेर जायची वाट कुठे आहे?

त्या म्हणे चौकटीतून एक बारीक रेघ सोडतात,
आतल्याच रंगाची, पार कडेपर्यंत,
नाहीतर विणणारीचं मन आत कोंडून राहतं.
मी म्हटलं, आमच्याकडे काठ मोडला की पैसे कापतात.
उमाकांतनं तेही सांगितलं.
या वेळी ती हसली नाही.

काल मोर संपला.
तिल्लीवर अंगुरी रेशीम थोडंसं उरलं होतं,
आणि हात थांबला नाही.
जरीच्या काठातून एक धागा
कडेपर्यंत गेला.
दिसतोही फारसा नाही,
उजेडात तिरपा धरावा लागतो.

शेठनं धरला.
दीडशे रुपये, म्हणाला.
कापा, म्हटलं.

सुनेला सातवा लागलाय.
मागाखाली, पावडीच्या मागे,
पुन्हा एक जाळं झालंय. लहानच आहे.
केरसुणी मी त्या बाजूला नेत नाही.